रहीम मास्तरांचा संघ

कुस्ती आपल्याला ठाऊक आहे. कबड्डी, खो-खो ठाऊक आहे. फुटबॉल मात्र आपल्या अहमदपूर भागात कमीच. तरी आज आपण एका फुटबॉल संघाची हकिकत वाचणार आहोत. हा संघ काही परका नव्हे. तो आपल्याच जुन्या राजधानीचा होता.

१. आपली जुनी राजधानी

आज अहमदपूर लातूर जिल्ह्यात आहे. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याच्याआधी आपला तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. आणि त्याच्याही आधी, १९५६ सालापर्यंत, तो बीदर जिल्ह्यात होता. बीदर जिल्हा होता हैदराबाद राज्यात. म्हणजे तेव्हा आपली राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. मोठी कचेरी हैदराबादला, मोठे कोर्ट हैदराबादला. मुलाला कॉलेजात घालायचे तर बरेच जण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरीत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. हैदराबाद राज्य भारतात सामील झाले. त्या काळात मराठवाड्यातल्या गावांनी फार सोसले. घरे जळाली, माणसे गेली. मने दुभंगली. जखमा लवकर भरण्यासारख्या नव्हत्या.

अशा दिवसांत, दोनच वर्षांनी, हैदराबादच्या पोलिसांचा फुटबॉल संघ मुंबईला खेळायला गेला. संघाचे नाव होते 'हैदराबाद सिटी पोलिस'. त्या साली, म्हणजे १९५० साली, संघाला नवे शिकवणारे मिळाले होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. आपण त्यांना रहीम मास्तर म्हणू; कारण ते खरोखरच शाळामास्तर होते.

२. खेळ कसा असतो?

पुढे जाण्याआधी खेळ समजून घेऊ.

फुटबॉलमध्ये दोन बाजू असतात. एकेका बाजूला अकरा गडी. मैदानाच्या दोन टोकांना दोन गोल असतात. गोल म्हणजे दोन खांब आणि वर एक आडवी दांडी. मागे जाळी. चेंडू पायाने मारायचा, डोक्याने मारायचा. हात लावायचा नाही. हात लावायची मुभा एकालाच, गोल राखणाऱ्या गोलकीपरला. समोरच्या गोलात चेंडू घातला, की एक गोल झाला. ज्याचे गोल जास्त, तो जिंकला.

काही गडी पुढे असतात. त्यांचे काम गोल करायचे. काही मागे असतात. त्यांचे काम समोरच्याला अडवायचे. काही मधे असतात. ते मागून चेंडू घेतात आणि पुढे पोचवतात.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मग त्यात शिकवायचे काय? चेंडू दिसला की मारायचा!"

बरोबर आहे. चेंडू मारणे कोणालाही येते. अकरा जणांनी मिळून मारणे मात्र शिकावे लागते. तालमीतला वस्ताद एकट्या पैलवानाला घडवतो. फुटबॉलच्या वस्तादाला अकरा माणसांचा एक माणूस करावा लागतो. त्याला प्रशिक्षक म्हणतात.

आपल्या लातूर जिल्ह्याला वस्तादाची किंमत सांगायला नको. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार रुस्तुम-ए-हिंद झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी स्वतः पोरे घडवली. रहीम मास्तरही तसेच. आधी स्वतः खेळले, मग दुसऱ्यांना शिकवले.

३. मास्तर कोण होते?

रहीम मास्तरांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. ते उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून खेळले. हैदराबादच्या सिटी कॉलेजातल्या आजी-माजी विद्यार्थ्यांचाही एक संघ होता. त्यातूनही ते खेळले. शिक्षण झाल्यावर ते शाळेत शिकवू लागले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. दिवसा मुलांना शिकवायचे, उरलेला वेळ फुटबॉलला द्यायचा, असे त्यांचे आयुष्य. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. १९५० साली त्यांनी पोलिसांचा संघ हाती घेतला.

ते शिस्तीला कडक होते. पण त्यांचा भर समजावून सांगण्यावर असे. मास्तरच ते! वर्गात फळ्यावर गणित सोडवून दाखवावे, तसा खेळ सोडवून दाखवीत.

४. पहिलाच हंगाम

मुंबईला कूपरेज नावाचे मैदान आहे. तिथे रोव्हर्स कपाचे सामने होत. ही स्पर्धा इंग्रजांच्या काळात, १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीला गोऱ्या पलटणीच ती जिंकत. हिंदी संघाने ती पहिल्यांदा जिंकली १९३७ साली. म्हणजे ४६ वर्षे लागली! तो संघ बंगळूरचा होता. रोव्हर्स कप आता बंद पडला आहे. पण त्या काळी त्याचा मोठा मान होता.

दिल्लीला ड्यूरंड कपाचे सामने होत. ही त्याहून जुनी स्पर्धा. सुरुवात १८८८ सालची. लढाई, फाळणी यांमुळे ती मधे कित्येक वर्षे बंद होती. १९५० साली ती पुन्हा सुरू झाली.

नव्या मास्तरांचा पहिला हंगाम. दोन मोठ्या स्पर्धा. मुंबईला आणि दिल्लीला देशातले नामांकित संघ आलेले. कलकत्ता म्हणजे फुटबॉलची पंढरी. मोहनबागान, ईस्ट बंगाल हे तिथले संघ. त्यांच्यापुढे हैदराबादच्या पोलिसांना कोण विचारतो?

पण झाले असे, की १९५० चा रोव्हर्स कप हैदराबाद पोलिसांनी जिंकला. त्याच साली दिल्लीचा ड्यूरंड कपही जिंकला. तिथे अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर मोहनबागानच होता. पहिल्याच हंगामात दोन्ही कप हैदराबादला आले.

एखादे वर्ष कोणाचेही चांगले जाते. पाऊस लागला, की माळावरसुद्धा पीक येते. खरा शेतकरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतो. पोलिसांनी १९५१ ला पुन्हा रोव्हर्स कप जिंकला. १९५२ ला जिंकला. १९५३ ला जिंकला. १९५४ लाही जिंकला. सलग पाच वर्षे तो कप हैदराबादहून हललाच नाही. १९५४ आणि १९५७ साली ड्यूरंड कपही पुन्हा आणला. ह्याला नशीब म्हणता येणार नाही. ह्यामागे शिकवण होती.

५. डावा पाय

आता ती शिकवण कशी होती ते पाहू.

आपण जेवतो उजव्या हाताने, विळा धरतो उजव्या हाताने. बहुतेकांचा पायही उजवाच चालतो. फुटबॉल खेळणाराही सवयीने उजव्या पायानेच चेंडू मारतो. समोरच्याला हे कळले, की तो काय करतो? उजवी बाजू अडवून उभा राहतो. मग गडी कितीही तयारीचा असो, तो अडकलाच.

रहीम मास्तरांनी यावर एक युक्ती काढली. त्यांनी कच्च्या पायाचे सामने भरवले. ज्याचा जो पाय कच्चा, त्यानेच त्याने खेळायचे. ज्याचा उजवा पक्का, त्याने डाव्याने मारायचे.

विचार करा. वर्षानुवर्षे खेळलेला माणूस. मैदानावर त्याचे नाव आहे. लोक त्याला पाहायला येतात. आणि आता त्याच्या पायातून चेंडू भलतीकडेच जातो आहे. लहान पोरासारखा तो पहिल्यापासून शिकतो आहे. त्याला लाज वाटली नसेल काय? वाटली असेलच. मोठेपणी पहिल्यांदा हातात पेन्सिल धरताना कसे वाटते, ते तुम्हाला कोणी सांगायला नको. नांगर धरणारा हात 'ग' काढताना थरथरतो. पण तोच हात चार महिन्यांनी सही करतो, पत्र लिहितो. तसेच त्या खेळाडूंचे झाले. कच्चा पाय हळूहळू पक्का झाला. आता समोरच्याने कोणती बाजू अडवावी?

मास्तरांनी दुसऱ्या तऱ्हेचेही सामने भरवले. त्यांत एकट्याने चेंडू नाचवत न्यायला बंदी. चेंडू आला, की लगेच जोडीदाराला द्यायचा. असे का? माणूस कितीही पळाला, तरी चेंडू त्याच्याहून जोरात पळतो. एकटा गडी चेंडू घेऊन धावतो तेव्हा तो दमतो आणि बाकीचे दहा नुसते पाहतात. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेला, तर कोणी दमत नाही आणि समोरच्याची धावाधाव होते. सगळे मोट एकदम ओढतात, तेव्हाच पाणी वर येते.

कोवळ्या पोरांसाठीही मास्तरांनी वेगळे सामने भरवले. मोठ्यांच्या गर्दीत पोरे मागे पडू नयेत, हा त्यांचा विचार.

६. सायकलीचे भाडे

सिकंदराबादजवळ अम्मुगुडा नावाची वस्ती आहे. तिथे तुलसीदास बलराम नावाचा मुलगा राहत होता. घरची गरिबी. पण पायात कसब होते. रहीम मास्तरांची नजर त्याच्यावर पडली. ते म्हणाले, हैदराबादला सरावाला ये.

पण यायचे कसे? हैदराबाद लांब. जवळ सायकल नाही. भाड्याने घ्यायची तर पैसे नाहीत. तेव्हा मास्तरांनी त्याला सायकलीच्या भाड्याचे पैसे दिले. मुलगा सरावाला येऊ लागला.

पुढे काय झाले? १९५६ साली हैदराबादने संतोष चषक जिंकला. हा चषक राज्याराज्यांच्या संघांसाठी असतो. त्या संघात बलराम होता. त्याच वर्षी तो भारताच्या संघातून ऑलिंपिकला गेला. वय विशीच्या आसपास. पुढे देशातल्या मोठ्या खेळाडूंत त्याचे नाव घेतले जाऊ लागले. २०२३ साली ते वारले, तेव्हा साऱ्या देशातल्या वर्तमानपत्रांनी त्यांची आठवण काढली.

सायकलीचे भाडे म्हणजे चार पैशांची बाब. आपल्या गावातही किती पोरे अशीच रस्त्याअभावी, एस.टी.च्या पासाअभावी घरी बसतात! हुशारी असते. शाळेपर्यंत पोचायची सोय नसते.

७. दहा गोलांचा दिवस

आता वाईट दिवसाची हकिकत. ती गाळून चालणार नाही.

१९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. भारताच्या संघाचे प्रशिक्षक रहीम मास्तरच होते. अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असे हरवले. मेवालाल नावाच्या खेळाडूने गोल केला. भारताला सोन्याचे पदक मिळाले. सगळीकडे आनंद झाला.

पुढच्याच वर्षी, १९५२ साली, ऑलिंपिकचे सामने फिनलंड देशात हेलसिंकी येथे झाले. फार थंडीचा मुलूख. आपली गाठ पडली युगोस्लाव्हिया ह्या देशाशी. त्यांच्या पायांत बूट होते. आपले बहुतेक गडी अनवाणी. त्या काळी आपल्याकडे अनवाणी खेळायचीच रीत होती. आपल्या मैदानावर ते चालून जाई. त्या गारठ्यात चालले नाही. आपण १०-१ असे हरलो. दहा गोल खाल्ले, एक केला.

कोणी म्हणेल, "मास्तर मोठे, मग असे कसे झाले?"

मास्तर मोठा असला म्हणून हार चुकत नाही. हरल्यावर तो काय करतो, ते पाहावे. काहींनी थंडीला दोष दिला असता. काहींनी नशिबाला दिला असता. रहीम मास्तरांनी दुसरे देश कसे खेळतात, याचा अभ्यास केला. त्या पराभवानंतर भारतात फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले. अनवाणी खेळणाऱ्याला बूट जड वाटतात. पाय आवळतात. चेंडू नीट कळत नाही. पण तीही सवय करावी लागली.

१९५३ साली युरोपातल्या हंगेरी देशाच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच घरी ६-३ असे हरवले. सारे जग चकित झाले. हंगेरीने पुढच्या फळीतला मधला गडी थोडा मागे घेतला होता. त्याला कोणी अडवायचे, हेच समोरच्यांना कळेना. रहीम मास्तरांनी ही चाल हेरली. आपल्या गड्यांना ती शिकवली.

१९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ऑलिंपिक झाले. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाने केले. तो मूळ गोव्याचा, मुंबईत खेळणारा. ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारा तो आशियातला पहिला खेळाडू. पुढच्या सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. आपण १-४ असे हरलो. पण चार वर्षांपूर्वीचे दहा आता चारवर आले होते. भारताचा संघ जगात चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये इतक्या पुढे जाणारा आशियातला तो पहिला देश.

८. जकार्ताचे मैदान

१९६२ साली आशियाई खेळ इंडोनेशिया देशात जकार्ता शहरी झाले. रहीम मास्तर संघाबरोबर गेले. त्यांची तब्येत तेव्हाच ठीक नव्हती.

पहिला सामना दक्षिण कोरियाशी. आपण ०-२ असे हरलो. त्यात भर म्हणजे गावातले वातावरण आपल्याविरुद्ध. इस्रायल आणि तैवान ह्या देशांना इंडोनेशियाने ह्या खेळांना येऊ दिले नव्हते. ह्यांना आशियाई खेळ म्हणावे की नाही, असा प्रश्न एका भारतीय अधिकाऱ्याने काढला. लोक चिडले. मैदानात आपल्या संघाची हुर्यो होऊ लागली.

मग थायलंडला ४-१ असे हरवले. पण त्या सामन्यात जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागला. टाके पडले. जर्नेल म्हणजे मागच्या फळीचा बुरूज. आता मागे खेळून समोरच्यांच्या उड्या अडवणे त्याला जोखमीचे होते. दुसऱ्या कोणी त्याला बसवला असता. रहीम मास्तरांनी त्याला पुढच्या फळीत उभे केले! जपानला २-० असे हरवले. दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवले. त्यात एक गोल जर्नेलचा होता.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना. समोर पुन्हा दक्षिण कोरिया, ज्यांनी पहिल्या सामन्यात हरवले तेच. मैदानात सुमारे एक लाख माणूस, आणि बहुतेक सगळे आपल्याविरुद्ध ओरडणारे. पीटर थंगराज हा गोलकीपर आजारातून उठला होता. मास्तरांनी त्यालाच गोलात उभे केले.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलने दुसरा केला, डोक्याला टाके असताना. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला. पण सामना भारताने २-१ असा जिंकला. सोन्याचे पदक मिळाले.

त्या संघाचा कप्तान चुनी गोस्वामी बंगाली होता. जर्नेल शीख होता. थंगराज ख्रिस्ती, युसुफ खान मुसलमान, बलराम हिंदू. आणि ह्या सगळ्यांचा मास्तर हैदराबादचा.

९. शेवटचे दिवस

जकार्ताहून परत आल्यावर मास्तरांचा आजार वाढत गेला. तो कर्करोग होता. ११ जून १९६३ रोजी ते वारले. वय ५३ वर्षांचे. पोलिसांचा संघ १९५० साली हाती घेतला होता. तो शेवटपर्यंत त्यांनी सोडला नाही. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही मोठे खेळाडू झाले. १९६० च्या ऑलिंपिक संघात ते होते.

मास्तर गेल्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचे सोने भारताला पुन्हा मिळालेले नाही. १९६० नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत गेलेला नाही. बरीच वर्षे मास्तरांचे नावही लोक विसरले होते. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. तेव्हा नव्या पोरांना त्यांची ओळख झाली.

त्यांनी काय मागे ठेवले? वाडा नाही, जमीन नाही. त्यांनी पद्धत मागे ठेवली. जो पाय कच्चा, त्याला आधी काम द्या. चेंडू आला, की जोडीदाराला द्या. लांबच्या पोराला सायकलीचे भाडे द्या. हरलात तर का हरलो ते शोधा. हे काही फुटबॉलपुरतेच नाही. सोसायटी चालवताना, बचत गट चालवताना, ग्रामपंचायतीत बसताना हेच करावे लागते. आणि रात्रीच्या वर्गाला येतानाही.

शब्द आणि अर्थ

हंगाम – खेळाच्या सामन्यांचे वर्षातले दिवस
प्रशिक्षक – खेळ शिकवणारा, वस्ताद
फळी – एका ओळीत खेळणारे गडी
चषक – कप, जिंकणाऱ्याला मिळणारे बक्षीस
पदविका – शिक्षण पुरे केल्याचा दाखला
यजमान – ज्याच्या घरी किंवा देशात सामने असतात तो
हुर्यो – ओरडून केलेली थट्टा

सांगा पाहू

१. १९५० साली अहमदपूर कोणत्या जिल्ह्यात होते? आणि कोणत्या राज्यात?
२. रहीम मास्तर कच्च्या पायाचे सामने का भरवीत?
३. हैदराबाद पोलिसांनी रोव्हर्स कप सलग किती वर्षे जिंकला? ती साले लिहा.
४. हेलसिंकीला भारत किती गोलांनी हरला? त्यानंतर काय बदलले?
५. जर्नेलसिंगला मास्तरांनी पुढे का घेतले?

करून पाहा

१. उजव्या हाताने लिहीत असाल, तर डाव्या हाताने आपले नाव लिहा. डाव्याने लिहीत असाल, तर उजव्याने. रोज पाच वेळा, आठ दिवस. पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवा. आठव्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.
२. आपल्या गावात सोय नाही म्हणून शाळा सुटलेले मूल आहे काय? त्याला कशाची गरज आहे, ते तीन ओळींत लिहा. कागद वर्गात वाचून दाखवा आणि काय करता येईल ते सगळ्यांनी मिळून ठरवा.